साक्षरताप्रसार आणि सेवाभावी क्लब : काही विचार

राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी या नात्याने काम करीत असताना गेली काही वर्षे एक प्रश्न मला वारंवार पडत आला आहे. आपल्या तालुक्याच्या गावी रोटरी क्लब आहे, लायन्स क्लब आहे, महिलांची दोन मंडळे आहेत. गणेशोत्सव मंडळे तर गल्लोगल्ली आहेत. रक्तदानाची शिबिरे भरतात, झाडे लावली जातात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया विनामूल्य करून दिल्या जातात. सेवेची इच्छा नाही असे यांपैकी कोणाविषयीही म्हणता येणार नाही. मग गावाच्या कडेच्या एखाद्या वस्तीत प्रौढ स्त्रियांचा साधा वाचन-लेखनाचा वर्ग सलग दोन वर्षे चालावा, एवढी गोष्ट आपल्याला का साधत नाही? या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘या लोकांना वर्तमानपत्रात फोटो हवा असतो, दुसरे काय!’ असे एक तयार उत्तर आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ते मला पटत नाही. फोटो सर्वांनाच हवा असतो. आपल्या वार्षिक अंकाच्या मधल्या पानांवर आपणही तो छापतोच. खरे कारण निराळे आहे आणि ते शोधून काढले तर उपायही सापडतो, असे माझे मत झाले आहे.

प्रथम साक्षरता म्हणजे काय ते पाहू. आपल्या जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून-उमजून लिहू व वाचू शकते ती साक्षर. १९५१ साली देशात साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते. २०११ च्या जनगणनेत ते शेकडा ७३ झाले आणि महाराष्ट्रात शेकडा ८२. ही प्रगती लहान नव्हे. परंतु त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील पुरुषांचे प्रमाण शेकडा ८८ आणि स्त्रियांचे ७६ असे आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अंतर त्याहूनही मोठे आहे. नंदुरबार शेकडा ६४ वर होता. शिवाय जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून कोणाची परीक्षा घेत नाही. घरच्या माणसाने ‘येतं तिला’ म्हटले की नोंद होते. सही गिरवता येणारी आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचता येणारी, या दोघी त्या रकान्यात एकच होतात.

सही शिकण्यास आठ-पंधरा दिवस पुरतात. वाचावयास शिकण्यास किती वेळ लागतो? राष्ट्रीय साक्षरता अभियान ५ मे १९८८ रोजी सुरू झाले, तेव्हा तीन भागांच्या प्रवेशिका आणि सुमारे दोनशे तास असा हिशेब धरला होता. आमचा अनुभव त्याच्या जवळपास जातो. ग, म, भ, न या मिळत्याजुळत्या वळणाच्या अक्षरांपासून आरंभ केला की पहिल्या महिन्यात दोन-तीन अक्षरी शब्द येतात आणि सर्वांना मोठा हुरूप चढतो. काना, मात्रा, वेलांटी येईपर्यंत तो टिकतो. त्यानंतर जोडाक्षरांचा घाट लागतो, आणि ‘रस्ता’, ‘हप्ता’, ‘पुष्पा’ हे शब्द डोळ्यांपुढे येताच पुष्कळजणी माघारी फिरतात. हा घाट चढवून पलीकडे नेणे हेच खरे काम आहे. ते रोज तासभर, त्याच माणसाने, त्याच सतरंजीवर बसून करावयाचे असते. त्याला उद्‌घाटन आहे, पण समारोपाची तारीख देता येत नाही.

येथेच क्लबांचा आणि या कामाचा पहिला बेबनाव होतो. क्लबांची बहुतेक कामे एका दिवसात पुरी होणारी असतात. शिबिर भरते, संपते, आकडा हाती येतो. एका अध्यक्ष महाशयांनी मला अगदी प्रांजळपणे विचारले होते, “सर, मोतीबिंदूच्या शिबिरात सांगता येतं की इतके डोळे झाले. तुमच्या वर्गाचं मी वार्षिक अहवालात काय लिहू?” प्रश्न रास्त होता. याचा परिणाम असा होतो की साक्षरतेला मदत म्हणजे वह्यावाटप, असे समीकरण होऊन बसते. पंधरा ऑगस्टला किंवा आठ सप्टेंबरच्या साक्षरता दिनी शाळेत जावे, मुलांना रांगेत उभे करावे, प्रत्येकाच्या हातात दोन वह्या आणि एक पेन द्यावे. वह्या उपयोगी पडतात, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या दृष्टीने ती कोरी वही आणि भरलेली वही सारखीच.

परंतु सेवाभावी क्लब दीर्घकाळ एखादे काम धरून ठेवूच शकत नाहीत, असे मात्र नाही. इतिहास उलट सांगतो. रोटरीची सुरुवात १९०५ साली शिकागो येथे झाली. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी असे चौघे जमले. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बैठक भरे म्हणून हे नाव पडले. सेवेचा विचार थोड्या काळाने आला. त्यांचे पहिले लोकोपयोगी काम शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून केलेली खटपट हे होते. लायन्सची स्थापना १९१७ ची. पुढे १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात सीडर पॉइंट येथे लायन्सचे अधिवेशन भरले असताना हेलन केलर तेथे गेल्या. त्यांना दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. त्यांनी त्या सभेपुढे अंधांचे काम हाती घेण्याची विनंती केली. ती मान्य झाली. आज शंभर वर्षांनंतर आपल्या गावचा लायन्स क्लब मोतीबिंदूची शिबिरे घेतो, त्याचे मूळ त्या एका भाषणात आहे. हेलन केलर यांनी ‘समाजाचे भले करा’ असे मोघम सांगितले नाही, एक काम नेमके मागितले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

दुसरे उदाहरण पोलिओचे. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. बूथवर मुलांना थेंब पाजणारे, बोटाला शाईची खूण करणारे, घरोघरी फिरणारे असे अनेक लोक त्यात होते. सरकारी कर्मचारी, अंगणवाडीताई, विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर रोटरीचे सभासद. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. १९८५ ते २०१४ म्हणजे एकोणतीस वर्षे झाली. या काळात प्रत्येक क्लबात एकोणतीस अध्यक्ष बदलले असतील, तरी काम सुटले नाही. कारण प्रत्येक नव्या अध्यक्षाला ते काम वारशाने मिळत होते, त्याला स्वतःचा नवा ‘प्रकल्प’ म्हणून शोधावे लागत नव्हते.

साक्षरतेच्या बाबतीत हेच घडत नाही. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संस्थांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. नवे अध्यक्ष येतात, नव्या कल्पना आणतात. एकाने वाचनवर्ग सुरू केला असेल तर दुसऱ्याच्या मनात जलसंधारण असते; दोन्ही चांगलेच, पण वर्ग मात्र बुडतो. योगायोग असा की आपल्या महाविद्यालयाचे वर्षही त्याच सुमारास बदलते. राष्ट्रीय सेवा योजनेतील जुने विद्यार्थी पदवी घेऊन जातात किंवा तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला लागतात, नवे अजून नोंदणीच्या रांगेत असतात. आणि नेमके त्याच वेळी आपल्या भागात पेरण्या सुरू होतात. मागोमाग भांगलण येते. बाया सकाळी आठला शेतावर जातात त्या दिवेलागणीला चिंब भिजून परततात, मग स्वयंपाक. जून-जुलै या दोन महिन्यांत क्लब, कॉलेज आणि शेत या तिन्ही बाजूंनी वर्गाचा दोर एकदमच सुटतो. कोणाचाही दोष नसताना वर्ग बंद पडतो. पंचांग चुकीचे आहे एवढेच!

आमच्या वस्तीवरील वर्गाचे असेच झाले. समाजमंदिराच्या ओट्यावर एकोणीस स्त्रिया येऊ लागल्या होत्या. एका क्लबने दिवा, फळा, पाट्या आणि शिकविणाऱ्या मुलीच्या जाण्यायेण्याचा खर्च दिला होता. मे अखेर अकराजणी तिसऱ्या पुस्तकावर आल्या होत्या. त्यांपैकी एक कोंबड्या विकणाऱ्या मावशी होत्या. तोंडी हिशेबात त्यांच्यापुढे आमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांनी हार मानावी. परंतु बचतगटाच्या वहीत आपल्या नावापुढे किती कर्ज लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, आणि त्यासाठीच त्या येत होत्या. जुलैमध्ये क्लबचा कार्यक्रम बदलला. पावसात ओट्यावरील दिवा गेला, तो कोणी लावला नाही. दिवाळीनंतर पुन्हा वर्ग उभा केला तेव्हा अकरांपैकी पाचजणी आल्या. मावशी आल्या होत्या. सही टिकली होती. वहीतील आकडाही त्यांना लागला; पण आकड्याच्या आधी लिहिलेले ‘व्याजासह’ हे अक्षरे जुळवून वाचताना त्या थांबल्या आणि हसून म्हणाल्या, “गेलं बघा सगळं पावसात वाहून.” त्या हसल्या खऱ्या, पण पुन्हा पहिल्या पुस्तकावर बसायला त्या तयार झाल्या नाहीत. मुलांची शाळा एक वर्ष बुडाली तर मूल पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसते. पन्नाशीतील बाईला तसे बसवणे फार कठीण असते. प्रौढांच्या वर्गात पहिल्या संधीलाच मोल आहे, दुसरी बहुधा मिळत नाही.

म्हणून क्लबांकडे जाताना ‘साक्षरतेला मदत करा’ असे न म्हणता काही नेमके मागावे, असे मला वाटते. पहिली मागणी पैशाची नसावी, ठरावाची असावी. क्लबाने तीन वर्षांसाठी एक वर्ग दत्तक घेतल्याचा ठराव करावा, आणि त्यावर चालू अध्यक्षाबरोबर पुढच्या दोन नियोजित अध्यक्षांच्याही सह्या घ्याव्यात. या क्लबांत पुढील अध्यक्ष आधीच ठरलेला असतो, ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. वर्गाची सूत्रे एका हातातून दुसऱ्या हातात द्यावयाची तर ती जुलैत न देता जानेवारीत द्यावीत. त्या सुमारास आपल्याकडे शेतीची घाई कमी असते, विद्यार्थी वर्षाच्या मध्यावर असतात आणि नव्या माणसाला जुन्याबरोबर पाच-सहा महिने बसता येते. ज्या भागातील लोक ऊसतोडणीला जातात तेथे हे वेळापत्रक अर्थातच उलटे धरावे लागेल. तेथे दिवाळीनंतर वस्त्या ओस पडतात. वर्ग गावाच्या हंगामाप्रमाणे चालला पाहिजे, आपल्या सत्राप्रमाणे नव्हे.

दुसरी गोष्ट, क्लब जे काम मन लावून आधीच करीत आहे त्याला साक्षरतेची जोड द्यावी. याचे उत्तम उदाहरण म्हणजे चाळिशी. चाळीस वर्षे उलटली की जवळचे अक्षर धूसर दिसू लागते; आपल्या भाषेने त्या चष्म्याला नावही वयाचेच दिले आहे. शिकलेल्या माणसाला वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागले की तो चष्मा करून घेतो. ज्याने कधी वाचलेच नाही त्याला हे कळण्याची वेळच येत नाही. आमच्या वर्गातील एक बाई दोन महिने मागे पडत होत्या. फळ्यावरचे वाचीत, पुस्तक हातात आले की गप्प होत. ‘माझं डोकंच चालत नाही’ असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. शिकवणाऱ्या मुलीने आपल्या आजोबांचा चष्मा आणून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि त्यांनी त्या दिवशीचा धडा सरळ वाचला. गंमत अशी की त्याच आठवड्यात गावात नेत्रशिबिर झाले होते, वस्तीपासून एक मैलाच्या आत. शिबिरवाल्यांना वर्ग ठाऊक नव्हता, वर्गाला शिबिर ठाऊक नव्हते. डोळ्यांच्या कामात शंभर वर्षे घालविलेल्या संस्थेकडे साक्षरतेसाठी याहून सोपी मागणी कोणती करता येईल? वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रत्येकीचे डोळे तपासावेत आणि लागेल तिला चाळिशी द्यावी. अहवालात लिहावयाला आकडाही मिळतो, आणि तो खोटा आकडा नव्हे.

तिसरी मागणी सभासदांच्या व्यवसायाची. या क्लबांची मूळ कल्पनाच अशी आहे की निरनिराळ्या धंद्यांतील माणसे एकत्र यावीत. आपल्या गावच्या क्लबात बँकेचे व्यवस्थापक आहेत, डॉक्टर आहेत, औषधांचे दुकानदार, वकील, छापखान्याचे मालक आहेत. आपण त्यांच्याकडून वर्गणी मागतो आणि त्यांचे खरे भांडवल तसेच राहते. बँकेच्या साहेबांनी महिन्यातून एकदा वर्गावर यावे, पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपा आणाव्यात आणि त्या भरून घ्याव्यात. औषधांच्या दुकानदाराने गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणाव्यात. मुदत संपल्याची तारीख कोठे असते ते शोधण्याचा तासभर खेळ होतो. वकिलांनी सातबाराचा उतारा घेऊन बसावे. हा उतारा वाचणे आपल्यालाही जड जाते, हे मी अनुभवाने सांगतो, आणि म्हणूनच तो शिकवायला हवा. छापखान्याच्या मालकांकडून तर सर्वांत मोठे काम होण्यासारखे आहे. नवसाक्षराला मोठ्या टायपात, छोट्या वाक्यांत, पण पोरकट नव्हे असे वाचावयास लागते. ससा-कासवाची गोष्ट आजीबाईंपुढे ठेवणे हा त्यांचा अपमान आहे. वस्तीतील बातम्या, बाजारभाव, एखादी पाककृती, लसीकरणाचा दिवस असे चार पानांचे महिन्याचे पत्र निघाले तर त्याचे संपादन आपल्या मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी करावे.

ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे तीनशे शेतमजुरांना अल्पावधीत अक्षरओळख करून दिली, ती त्यांच्या रोजच्या जगण्यातील शब्द घेऊन. वीट हा त्यांच्या पद्धतीत वापरलेला एक शब्द पुढे प्रसिद्ध झाला. आपल्याकडे विटेऐवजी ‘हप्ता’ घ्यावा असे मी गमतीने म्हणतो. जोडाक्षराची भीतीही जाते. थायलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोटरीच्या साह्याने एक साक्षरता प्रकल्प चालला, त्यात आधी सर्वांनी मिळून एखादे काम करावयाचे, मग त्याविषयी बोलावयाचे आणि त्या बोलण्यातूनच आपले पुस्तक तयार करावयाचे, अशी पद्धत होती. तेथे क्लबांचा पैसा वह्यांऐवजी शिक्षकांच्या तयारीवर खर्च झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या महाराष्ट्रात तर क्लबांची वाट न पाहता गावांनीच हे काम अंगावर घेतल्याचे उदाहरण आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर नेण्यात आली. प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेली माणसे बिनपगारी शिकवीत. एकेक माणूस न मोजता अख्खे गाव मोजीत. चौदा ते पन्नास वयाची सारी माणसे साक्षर झाली की ग्रामगौरव समारंभ होई. या मोहिमेतील एक बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो : गौरव कामाच्या शेवटी होता. आपण उद्‌घाटनाला मंडप घालतो. त्यांनी पूर्तीला घातला. क्लबांना समारंभाची हौस असेल तर ती जरूर पुरवावी, फक्त तारीख पुढे सरकवावी. पहिल्या बाईने सर्वांसमोर उभे राहून न अडखळता एक पान वाचले की अध्यक्षांनी हार घ्यावा आणि द्यावाही.

मात्र याच मोहिमेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. गावे साक्षर झाली, गौरव झाले, आणि पुढे वाचावयास पुरेसे न मिळाल्याने अनेक ठिकाणी शिकलेले विसरले गेले. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात आणि १९८८ नंतरच्या संपूर्ण साक्षरता मोहिमांतही हीच तक्रार पुन्हा ऐकू आली. ४ फेब्रुवारी १९९० रोजी केरळमधील एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला तेव्हा देशभर उत्साहाची लाट आली होती. पण त्या राज्यात गावोगाव ग्रंथालये आधीपासून होती, हा फरक आपण विचारात घ्यावयास हवा. अक्षरे शिकविणे हा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्या भागासाठी मोठी मोहीम लागत नाही. एक पेटी, शंभर पुस्तके, आणि ती पेटी दर शनिवारी न चुकता उघडणारा माणूस लागतो. क्लबासारख्या छोट्या, चिवट संस्थेला हे काम सरकारी खात्यापेक्षा चांगले जमेल.

अलीकडे प्रौढांच्या साक्षरतेला पुन्हा जोर आला आहे. केंद्र सरकारचा २०२२ ते २०२७ या काळासाठीचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे आणि तो मुख्यतः स्वयंसेवकांवर उभा आहे. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या तीन भागांची चाचणी होते व प्रमाणपत्र मिळते. म्हणजे पुस्तके, चाचणी आणि प्रमाणपत्र यांची सोय झालेली आहे. उणीव आहे ती सतरंजीवर रोज बसणाऱ्या माणसाची. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेचे नाव आपण ऐकले असेल. गुलाबी नऊवारी नेसलेल्या आजींची छायाचित्रे जगभर गेली. त्या शाळेमागे जिल्हा परिषदेचे एक शिक्षक श्री. योगेंद्र बांगर आणि एक धर्मादाय न्यास असे दोघे होते. शिकविण्याची कल्पना एकाची, खर्चाचा भार दुसऱ्याचा, आणि जागा गावाची. यात अवघड असे काय आहे?

आता विद्यार्थिमित्रांना दोन शब्द. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सदतीस विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे आपण वर्षाला एकशे वीस आणि दोन वर्षांत दोनशे चाळीस तास द्यावयाचे असतात. एका वर्गाला साक्षर होण्यास दोनशे तास लागतात असे वर म्हटलेच आहे. ही दोन बेरजांची जवळीक आपण कधी ध्यानात घेतली आहे काय? यातील काही तास उद्‌बोधनात आणि शिबिराच्या तयारीत जातात, हे मान्य. म्हणून एका वर्गाला दोघांची जोडी असावी, एक दुसऱ्या वर्षाचा आणि एक पहिल्या वर्षाचा. पुढच्या वर्षी पहिल्याने नव्याला हाताशी धरावे. अशी साखळी राहिली तर क्लबांपुढे जाऊन तीन वर्षांचा ठराव मागण्याचा आपल्याला अधिकार पोचतो. आपलाच माणूस दर जूनला गायब होत असेल तर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

या वर्षी आपल्या गावातील दोन क्लबांपुढे मी हे सर्व मांडले. एकाने तीन वर्षांच्या ठरावास संमती दिली असून नियोजित अध्यक्षांची सहीही झाली आहे. दुसऱ्याने नेत्रतपासणीचे मान्य केले, ठरावाचा विचार पुढच्या बैठकीत करू म्हणाले. वर्गाची एक नोंदवही आम्ही केली आहे. तीत प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या पुस्तकाच्या कितव्या पानावर आहे, चष्म्याचा नंबर, आणि तिला काय वाचावयाचे आहे, असे चार रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात एकीने ‘एस्टीची पाटी’ सांगितले आहे, एकीने ‘ज्ञानेश्वरी’, तिघींनी बचतगटाची वही आणि एकीने ‘सुनेचा मोबाईल’. ही वही ग्रंथालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या कपाटात असते. वर्ग सोमवार ते शुक्रवार रात्री साडेआठ ते साडेनऊ समाजमंदिरात भरतो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी वही आधी वाचावी आणि आपले नाव शेवटच्या पानावर लिहावे. येताना जाड शिशाच्या दोन पेन्सिली आणाव्यात; बारीक टोक मावशींच्या हातात मोडते.